काळ्या रेघा

"कुणाचं काही केलंस तर बोलून दाखवायचं नाही. केलं, विसरलं, हात पुसले." आई हे सांगायची तेव्हा तिचे हात खरोखरच ओले असायचे. आमच्या प्रार्थनामंदिरातली वेदीवरची कापडं ती धुवायची, इस्त्री करायची, शनिवारी संध्याकाळी नेऊन अंथरायची, आणि रविवारी उपासनेत कुणी म्हणालं, काय शुभ्र आहेत हो कापडं, की ती शेवटच्या बाकावर मान खाली घालून गीताचं पान शोधत राहायची. मी सात-आठ वर्षांची असेन. एकदा मी ओरडून सांगितलं, माझ्या आईनं धुतलीत. घरी आल्यावर मला समोर बसवून तिनं ते वाक्य तीनदा म्हणायला लावलं. तेव्हापासून ते माझ्या अंगातच राहिलं आहे. पन्नाशी उलटली, आईला जाऊन बारा वर्षं झाली, तरी त्याला कधी तडा गेला नव्हता. आज सकाळी साडेदहाला ऑपरेशन थिएटरमधून एक गठ्ठा परत आला, आणि तेव्हापासून मी त्या वाक्यात कोंडले गेले आहे.

आमची खोली रुग्णालयाच्या तळघरात आहे. खिडकी नाही. वर ऊन पडलंय की ढग आलेत हे खाली उतरणाऱ्यांच्या कपड्यांवरून ओळखायचं. वापरलेली हत्यारं वरून येतात, चिमटे, कात्र्या, पकडी. ती धुवायची, पुसायची, ट्रेमध्ये मांडायची, दुहेरी कापडात गुंडाळून गठ्ठा बांधायचा, त्यावर चिकटपट्टी लावायची आणि वाफेच्या यंत्रात घालायचा. पट्टीवर तिरप्या, फिकट रेघा असतात. वाफ लागली की त्या काळ्या पडतात. यंत्रात जायचे गठ्ठे डावीकडच्या फळीवर, तिला आम्ही कच्ची फळी म्हणतो. झालेले उजवीकडे, पक्क्या फळीवर. शिवाय प्रत्येक गठ्ठ्याच्या पोटात कागदाची एक लहानशी खूणपट्टी असते, ती वर टेबलापाशी गठ्ठा उघडल्यावरच दिसते. आज सकाळी गठ्ठा उघडला तेव्हा बाहेरच्या रेघा काळ्या होत्या आणि आतली खूणपट्टी कोरी होती. म्हणजे तो यंत्रात गेलाच नव्हता. टेबलावर एक म्हातारे गृहस्थ भूल देऊन निजवलेले होते. दुसरा गठ्ठा पोचेपर्यंत पस्तीस मिनिटं ते तसेच पडून होते. त्यांना काही झालं नाही. नर्सनं वेळीच पाहिलं, ही प्रभूची कृपा. पण ते म्हातारे मला सकाळपासून दिसताहेत, कधी न पाहिलेले, पांढऱ्या चादरीखाली, आपल्याभोवती कसली धावपळ चाललीय हे ठाऊक नसलेले.

गठ्ठ्यावर पाचचा शिक्का होता. इथं प्रत्येकीला क्रमांक आहे. माझा तीन. एक, दोन आणि चार आता नाहीत. गेल्या वर्षी रुग्णालयानं माणसं कमी केली तेव्हा त्या तिघी एकाच दिवशी गेल्या, आणि त्यांचे शिक्के अजून खणात पडून आहेत. पाच म्हणजे भिंगरी. हे नाव तिला पहिल्याच आठवड्यात पडलं, कारण तिला उभं राहून बोलताच येत नाही. ट्रे पुसता पुसता ती अख्खी खोली फिरून येते, बोलत बोलत, आणि बोलताना कुठल्याही गोष्टीचा शेवट करत नाही. मला ती समोर ताई म्हणते आणि लहर लागली की पाद्रीणबाई. "काय पाद्रीणबाई, आज कुणाचा नंबर?" असं विचारते, कारण एकदा मी तिला माझं व्रत सांगून बसले. रोज सकाळी, तोंडातून पहिला शब्द निघायच्या आत, मी एका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करते; ज्याचा मला राग येतो अशाच माणसाचं. आवडत्या माणसांसाठी प्रार्थना काय, आपोआप होते. सत्तावीस वर्षं मी हे पाळलंय. आजारपणात पाळलंय, यांचा छापखाना बंद पडला त्या दिवशी पाळलंय. गेले अकरा दिवस ते नाव भिंगरीचंच होतं, आणि ते मी तिला सांगितलं नव्हतं.

अकरा दिवस ती उशिरा येत होती. कधी अर्धा तास, कधी तास. सासूला अर्धांगाचा झटका आलेला, नवरा दूर कामाला, शेजारीण यायची तेव्हा हिनं निघायचं. हे मला माहीत होतं. ती येईपर्यंत तिच्या वाटणीचे गठ्ठे मी यंत्रात घालत होते, काढत होते, पक्क्या फळीवर लावत होते, आणि ती आली की तिला एका अक्षरानंही सांगत नव्हते. ती फळीकडे पाहायची, "अरे, झालं वाटतं!" म्हणायची आणि भिरभिरत पुढच्या कामाला लागायची. तिला कळत होतं की नाही कुणास ठाऊक. तिला कळावं असं मला वाटत होतं, हे आता कबूल करायला लाज वाटते. मी सहन करते आहे, प्रभूच्या नावानं करते आहे, असं मी स्वतःला सांगत होते. आणि सकाळी गुडघ्यावर बसले की माझी प्रार्थना हळूच कूस बदलायची. प्रभू, तिला बळ दे. प्रभू, तिच्या सासूला आराम पडू दे. प्रभू, काल ती पुन्हा पन्नास मिनिटं उशिरा आली. प्रभू, तिनं हातमोजे तसेच टाकले. शेवटी शेवटी तर मी देवापाशी तिच्या चहाड्याच करत होते, डोळे मिटून, हात जोडून. उठताना गुडघे दुखायचे आणि राग पहिल्यापेक्षा ताजा झालेला असायचा.

मेट्रन स्वतः खाली आल्या. एरवी त्या फोन करतात. दारातच उभ्या राहिल्या, तळघरातली दमट हवा त्यांना सोसत नाही. भिंगरी धुण्याच्या खोलीत होती. पाण्याच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नसणार.

"पाच नंबरला चार वाजता वर पाठवा," त्या म्हणाल्या. "त्याआधी मला तुमच्याकडून ऐकायचंय. तुम्हाला खोटं बोलता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही सांगाल ते मी जसंच्या तसं लिहीन."

"तिला काढणार?"

"वरचे फार तापलेत, बाई. चूक कुणाची ते ठरलं की ती व्यक्ती घरी. एवढं मला स्पष्ट सांगितलंय."

"मी विचार करून सांगते."

"विचार कसला? जे पाहिलंत ते सांगायचं." आणि मग आवाज खाली आणून, "ती उशिरा येते म्हणे. खरंय?"

मी म्हटलं, साडेतीनला येते वर. त्या गेल्या. मी नवा ट्रे पुढं ओढला आणि चिमटे पुसू लागले, आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला मला आत कुठंतरी बरं वाटलं. अकरा दिवसांचं एक ओझं कुणीतरी आपण होऊन उचलायला आलं होतं. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त विचारलेल्याला खरं उत्तर द्यायचं होतं. मग लगेच त्या बरं वाटण्याची भीती वाटली. तिच्या सासूचं तोंड डोळ्यांपुढे आलं, एकदा पाहिलेलं, एका बाजूला ओघळलेलं, आणि मी ठरवून टाकलं की तिच्यावर दया करायची. कशी करायची? उशीर सांगायचा नाही? म्हणजे विचारल्यावर गप्प बसायचं? ते खोटंच. सांगायचं? मग दया कसली? तासभर मी या दोन भिंतींमध्ये येरझाऱ्या घालत राहिले, आणि त्यातही एक सुख होतं, चांगल्या बाईला पडणाऱ्या पेचाचं सुख. मला वाटत होतं की दया माझ्या ओंजळीत आहे, आणि ती किती ओतायची एवढंच ठरायचं बाकी आहे.

दुपारी जेवणानंतर आम्ही शेवटची खेप यंत्रात घातली. दार बंद झालं की दाब उतरेपर्यंत ते उघडत नाही, कितीही घाई असली तरी. काटा वर चढू लागला. खोलीत ती ऊब पसरली, ओल्या कापडाची आणि तापल्या लोखंडाची. एरवी या वेळी भिंगरी जगभरचं बोलते. आज ती स्टुलावर बसली. ती बसली हेच मला सोसेना.

"ताई, मला काढणार ना?"

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? सकाळपासून लिफ्टवाला माझ्याशी गोड बोलतोय. तो गोड बोलला की समजायचं, आपलं काही खरं नाही." ती हसली, पण हसू ओठांपर्यंतच आलं. "मला समजतच नाही हो काय झालं ते. काल दुपारी आपले हे चिमट्यांचे गठ्ठे मी बांधत होते. पट्टीचा रोल जागेवर नाही. शोधशोध शोधला, तर मेला यंत्राच्या डोक्यावर! माझा हात पुरतोय होय तिथं? उडी मारून काढला. तेवढ्यात फोन. शेजारीण म्हणते, सासूबाई पलंगावरून घसरल्यात, मला एकटीला उचलत नाहीत. फोन खांद्याला लावला, पट्टी फाडली, चिकटवली, गठ्ठा ठेवला कच्च्या फळीवर आणि पळाले वर. इथं धड ऐकू कुठं येतं? वर जाऊन कुणाकुणाला फोन केले, माणूस पाठवलं, पाऊण तास गेला त्यात. आले तर कच्ची फळी रिकामी, सगळे गठ्ठे पक्क्या फळीवर. म्हटलं, ताईंनी काढले, नेहमीसारखे. आता सांगा, तो न शिजलेला गठ्ठा तिकडं चालत गेला?"

मी यंत्राचा काटा पाहत राहिले.

"मीच ठेवला असणार," ती म्हणाली. "कच्ची कुठली आणि पक्की कुठली, मला काल माझं नाव सांगता आलं नसतं. मीच ठेवला असणार पक्क्यावर. दुसरं कोण आहे इथं?"

माझ्या उजव्या तळव्याला गार लागलं. आता, या उकाड्यात, यंत्र भरात असताना. आधी मला कळेना की हे काय आहे, आणि मग तो तळवा माझ्या आधी कालच्या दुपारमध्ये पोचला. मी कच्च्या फळीसमोर उभी आहे. यंत्राची खेप नुकतीच काढली आहे, हात भाजताहेत. फळीवर एकच गठ्ठा उरलाय, पाचचा, आणि त्यावरच्या रेघा काळ्या आहेत. मी मनात म्हणते, हिला झालेला गठ्ठा योग्य फळीवर ठेवायचीही अक्कल नाही. मी तो उचलते. तो गार आहे. यंत्रातून निघालेला गठ्ठा तासभर तरी कोमट राहतो, हे मी नव्या मुलींना वीस वर्षं शिकवत आले. डोळ्यांवर विसंबू नका, हात लावून पाहा. माझ्या हाताला गारवा कळला होता. राग इतका होता की हाताचं मी ऐकलंच नाही. मी तो पक्क्या फळीवर ठेवला, आवाज होईल असा, जणू ती कुठूनतरी ऐकणार होती. आणि रोल? रोल यंत्राच्या डोक्यावर कुणी ठेवला? तिथं झडपेतून वाफ गळते, पट्टीच्या वरच्या फेऱ्या वाफेनं आपसूकच काळ्या पडतात, म्हणून तिथं रोल ठेवायचा नाही, ही सूचना माझ्याच अक्षरात भिंतीवर आहे. काल ती यायच्या आधी तिचं टेबल पसरलेलं होतं. मी आवरलं. न बोलता, ओठ घट्ट मिटून, तिची एक एक वस्तू उचलून कुठं ना कुठं ठेवत गेले. सहन करणाऱ्या बाईचं आवरणं होतं ते.

काटा वरच्या खुणेवर स्थिर झाला. खोलीला दार होतं, ते उघडंच होतं. कुणी पाहिलं नव्हतं. ती स्वतःच म्हणत होती, मीच ठेवला असणार. मी आता काहीही खोटं बोलायची गरज नव्हती. नुसतं गप्प राहायचं, आणि गप्प राहण्यात माझा हात धरणारं कोण होतं? घरी हे आठ महिने बसून आहेत. खिडकीपाशी जुन्या खिळ्यांचा डबा घेऊन बसतात, सरळ करतात आणि परत डब्यात टाकतात. मी गेले तर त्या घरात एक तारखेला काय येणार? मी प्रभूला हाक मारली, पण अकरा दिवसांच्या त्या प्रार्थनांनंतर माझीच मला हाक ओळखू येईना. मग मनात आलं, क्रुसावरून त्यानं माणसांसाठी क्षमा मागितली ती मनातल्या मनात नव्हे. मोठ्यानं मागितली. खाली उभे होते त्यांना ऐकू जाईल अशी, ज्यांच्यासाठी मागितली त्यांनाही. मी सत्तावीस वर्षं क्षमा केली ती बंद ओठांच्या आत केली, आणि तिथं ती कुजून गेली.

"गठ्ठा मी ठेवला," मी म्हटलं.

"कुठला?"

"तो. पक्क्या फळीवर. गार होता, तरी ठेवला. आणि रोलही वर मीच ठेवला होता, तुझं टेबल आवरताना."

मी वाट पाहत होते. ती ओरडेल, उठून जाईल, निदान रडेल. तिनं विचारलं, "माझं टेबल कशाला आवरत होता?"

"राग आला होता म्हणून."

"माझा?"

"अकरा दिवस येतोय."

"अगंबाई!" ती म्हणाली आणि चक्क हसायला लागली, यंत्राच्या आवाजावर, पोट धरून. "म्हणजे अकरा दिवस माझाच नंबर! आणि मी आपली रोज विचारतेय, कुणाचा नंबर, कुणाचा नंबर! अहो ताई, मग बोलायचं ना! मला वाटायचं तुम्हाला लवकर यायची हौसच आहे. घरी करमत नसेल, म्हणून माझेही गठ्ठे करून टाकता. एकदा म्हणाला असता, भवाने, तुझं काम मी का करू, तर मी शेजारणीच्या हातापाया पडून तासभर आधी बोलावलं असतं तिला."

"तुझी नोकरी जात होती माझ्यामुळं."

"पट्टी तर मीच लावली ना, न बघता? आणि न सांगता पळाले. दोघींनी मिळून केलं म्हणायचं." तिनं पदरानं डोळे पुसले, हसण्याचं पाणी की दुसरं, मला कळलं नाही. "जाऊ द्या. तुमचंही घर काही सुखात नाही, मला माहीत आहे. जेवणाच्या डब्यात आठ महिने तेच तेच बघतेय मी."

एवढंच. तिनं मला क्षमा केली ती जेवणाच्या डब्याचं बोलता बोलता, गुडघे न टेकता, नाव न घेता, आणि बहुधा आपण काही केलं हेही तिला कळलं नाही. माझी ओंजळ रिकामी होती आणि तीत कुणीतरी ओतत होतं. ते घेणं मला जमेना. मान वर होईना. देणाऱ्याच्या जागी मी इतकी वर्षं बसले होते, की समोरच्या जागेवरून खोली कशी दिसते हे मला माहीतच नव्हतं.

"तुम्ही काही सांगू नका वर," ती म्हणाली. "ते म्हणतील, चूक मोठ्या बाईची. मी जाते, रडते, माझं रडणं चांगलं आहे. एकीचं गेलं तर गेलं, दोघींचं कशाला?"

"मी मेट्रनना साडेतीनला येते म्हटलंय. मी सगळं सांगणार."

"ऐकायचंच नाही तुम्हाला." ती उठली, एक फेरी मारून परत आली, आणि माझ्यासमोर उभी राहिली. हलेना. तिला इतकी स्थिर मी कधी पाहिली नव्हती. "मग मला एक वचन द्या. सांगायचं तर सगळं सांगायचं. माझं उशिरा येणंही. पट्टी न बघता लावली तेही. माझ्यावर पांघरूण घालून स्वतःच सगळं अंगावर घ्याल तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही. मला असली दया नको. कळलं? मी चुकले ते मी चुकले, तुम्ही चुकलात ते तुम्ही."

"तुला काढतील."

"काढू देत. तुम्हालाही काढतील. द्या वचन."

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिचा हात खरखरीत होता, धुण्याच्या पाण्यानं सोललेला. "दिलं," मी म्हटलं. तोंडातून निघालेला तो शब्द मला परका वाटला, दुसऱ्याच कुणा बाईचा.

तीन वीस झाले होते. मी अंगावरचा एप्रन काढून खुंटीला लावला, केस नीट केले. वर गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते मनात जुळवून पाहिलं. 'चूक आमच्या दोघींची आहे' असं सुरू करावं, की आधी माझी सांगावी? दोन्ही खरी होती, आणि दोन्ही बोलताना जीभ जड होणार होती. मेट्रन काय लिहितील, वरचे काय ठरवतील, संध्याकाळी घरी जाऊन यांना काय सांगायचं, यातलं काहीच मला दिसत नव्हतं. भिंगरी माझ्याकडे पाठ करून नवा ट्रे मांडत होती आणि पहिल्यांदाच काहीही बोलत नव्हती. लिफ्टसाठी बटण दाबलं असतं तर लिफ्टवाल्याशी बोलावं लागलं असतं. म्हणून मी जिन्याकडे वळले, आणि कठड्याला हात न लावता पहिली पायरी चढले.